मलेरिया आणि आपल्या टी पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत मलेरियाच्या काचपट्ट्या तपासण्यात माझं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. निवृत्त झालो, पण फोन काही थांबले नाहीत. आशाताई विचारतात, बारावीची पोरं विचारतात, जागलीवरून तापून आलेले शेतकरी विचारतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. काही प्रश्न आले तसेच ठेवलेत, भाषा सुधारली नाही. आणि आत्ता अंगात ताप असेल तर हे वाचत बसू नका, आधी रक्त तपासून घ्या.

१. टी पेशी म्हणजे काय? पांढऱ्या पेशी म्हणतात त्या याच का?

पांढऱ्या पेशींच्या बऱ्याच जाती आहेत. त्यातली एक लिम्फोसाइट, आणि लिम्फोसाइटमधला एक मोठा गट म्हणजे टी पेशी. जन्म हाडांच्या मगजात, तालीम छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. थायमसचा ‘टी’ तेवढा नावात उरला. ही ग्रंथी बिनकामाची समजली जायची. जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये उंदरांवर प्रयोग करून तिचं खरं काम दाखवलं.

मलेरियापुरत्या तीन प्रकारच्या टी पेशी लक्षात ठेवा. सीडी८ ही मारेकरी : बिघडलेली पेशी दिसली की तिला भोक पाडून संपवते. सीडी४ स्वतः फारसं मारत नाही, इतरांना कामाला लावते. तिसरी गॅमा-डेल्टा, तिच्याबद्दल प्रश्न ४ मध्ये. सीडी४ आणि सीडी८ यांच्यातल्या एका पेशीला साधारण एकच खूण ओळखता येते. म्हणून शरीरात त्यांचे कोट्यवधी वेगवेगळे नमुने बाळगावे लागतात, आणि मलेरियाची खूण ओळखणाऱ्या त्यात मोजक्याच असतात.

२. काचपट्टीवर टी पेशी दिसते का? तिची टेस्ट कुठे होते?

लिम्फोसाइट दिसते. पातळ थरावर भिंग नेलं की गुलाबी-करड्या तांबड्या पेशींच्या गर्दीत एखादी गोल, गडद जांभळी पेशी येते. केंद्रक जवळजवळ सगळी जागा व्यापून असतं, कडेला आभाळी रंगाची बारीक किनार. ती टी आहे की बी (लिम्फोसाइटमधला दुसरा गट, अँटिबॉडी बनवणारा), हे त्या भिंगातून मलाही सांगता यायचं नाही आणि कोणालाच येत नाही.

मला जास्त बोलकी वाटायची ती शेजारची मोनोसाइट, जंतू गिळणारी पांढरी पेशी. मलेरियाच्या रुग्णात कधीकधी तिच्या पोटात तपकिरी-काळे कण दिसतात. जंतूने तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खाल्ल्यावर उरलेली ती राख. या पेशीने जंतूचं उष्टं खाल्लंय, याचा तो पुरावा.

मलेरियासाठी टी पेशी मोजायची गरज नसते. सीडी४ची मोजणी एचआयव्हीच्या रुग्णांसाठी होते. अंगात मलेरिया असताना ती काढली तर आकडा काही काळ कमी येऊ शकतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. बरं झाल्यावर पुन्हा मोजा. उलट बाजूनेही सांगायला हवं : एचआयव्हीमुळे सीडी४ खरोखरच घटल्या असतील तर मलेरियाचे जंतू जास्त वाढतात, आणि अशा माणसाने तापाचा एक दिवसही अंगावर काढू नये.

३. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत आठ-दहा दिवस जातात. तेव्हा टी पेशी झोपल्या असतात का?

हा माझा आवडता प्रश्न. एका आशाताईने अगदी याच शब्दांत विचारला होता.

धानाच्या बांधीवर रात्री माचावर जागलीला बसलात आणि डासाची मादी चावली, असं धरू. ती रक्त ओढण्याआधी लाळ सोडते आणि लाळेबरोबर जंतूही सोडते. किती? बहुतेक वेळा शंभराच्याही आत. सुईच्या आकाराचे हे जंतू कातडीतून वाट काढत रक्तात शिरतात आणि अर्ध्या तासात, फार तर काही तासांत यकृत गाठतात. हजारो कोटी पेशींच्या यकृतात त्यातल्या दहा-वीस पेशींत ते घर करतात. पीएफचा (फाल्सिपॅरम, मलेरियाची जास्त घातक जात) जंतू तिथे सहा-सात दिवस राहतो. एकाचे तीस-चाळीस हजार होऊ शकतात, आणि मग ते सगळे रक्तात उतरतात.

आता टी पेशीची बाजू बघा. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसात या जंतूची खूण ओळखणारी टी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक. कातडीत अडकलेले काही जंतू जवळच्या लसिका गाठीत जातात. तिथे ती एक पेशी त्यांना भेटते आणि दुपटी-चौपटीने वाढू लागते. कामापुरती फौज उभी राहायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे फौज निघते त्या दिवशी पाहुणा गाव सोडून गेलेला असतो.

झोपलेल्या नसतात, उशिरा पोचतात.

ही फौज आधीच यकृतात बसवून ठेवली तर? रूथ नुसेनझ्वाइग यांनी १९६७ मध्ये क्ष-किरणांनी दुबळे केलेले जंतू उंदरांना टोचले, तेव्हा पुढच्या खऱ्या लागणीपासून उंदीर वाचले. १९८०च्या दशकाच्या शेवटी झालेल्या प्रयोगांत अशा उंदरांमधल्या सीडी८ पेशी काढून टाकल्या, आणि ते संरक्षण गेलं. यकृतातच ठाण मांडून बसणाऱ्या, रक्तात न फिरणाऱ्या स्मृती-टी पेशी असतात, हेही पुढे कळलं. नेहमीच्या लागणीत मात्र त्या पुरेशा बनत नाहीत. दहा-वीस पेशींपुरता मामला, तोही आठवडाभराचा, आणि मागोमाग रक्तातला गोंधळ.

४. रक्तात तर जंतू उघडे फिरतात. मग मारेकरी पेशी त्यांना का मारत नाही?

उघडे फिरत नाहीत. ते तांबड्या पेशीच्या आत असतात. एकीतून फुटून दुसरीत शिरेपर्यंत, एक-दोन मिनिटं, तेवढेच बाहेर.

आपल्या अंगातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत काय शिजतंय त्याचे तुकडे बाहेर दाराशी टांगून ठेवते. सीडी८ दारोदार फिरून ते तुकडे तपासते. परका तुकडा दिसला की पेशी मारते. पण पिकलेल्या तांबड्या पेशीला केंद्रकही नाही आणि तुकडे टांगायची खुंटीही नाही. जंतूने घर निवडलं ते असं. (एक अपवाद आहे, प्रश्न १३ पाहा.)

मग रक्तातली लढाई सीडी४वर येते, आणि ती बरीचशी पानथरीत (प्लीहेत) होते. जुन्या-बिघडलेल्या तांबड्या पेशी गाळायचं काम पानथरीचंच. तिथल्या भक्षक पेशी जंतू असलेल्या पेशी गिळतात, तुकडे करतात आणि सीडी४ला दाखवतात. सीडी४ दोन कामं करते. एक, इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडून भक्षक पेशींना चेव आणते. दुसरं, बी पेशींना अँटिबॉडी बनवायला मदत करते, आणि चांगली, टिकाऊ अँटिबॉडी या मदतीशिवाय बनत नाही. त्या अँटिबॉडीत काय दम असतो, हे १९६१ मध्ये गांबियात दिसलं : मलेरियात मुरलेल्या प्रौढांच्या रक्तातली अँटिबॉडी काढून आजारी मुलांना टोचली, तर मुलांच्या रक्तातले जंतू झपाट्याने उतरले.

वारंवार ताप येणाऱ्या पोराचं पोट डाव्या बरगडीखाली दाबलं की पानथरी हाताला लागते. तिथे एवढी वर्दळ चालते, म्हणून ती फुगते.

गॅमा-डेल्टा पेशींना खुंटीवरच्या तुकड्याची गरज नसते. जंतूच्या पोटात बनणारा फॉस्फेटयुक्त छोटा रेणू त्यांना चेतवतो, त्यामुळे त्या लवकर उठतात. आफ्रिकेतल्या मुलांत वारंवार लागणीनंतर त्या कमी होत जातात, असं आढळलं आहे.

५. हुडहुडी भरून ताप येतो तो जंतूमुळे, की आपल्याच पेशींमुळे?

दोघांमुळे. पीएफ आणि पीव्ही (व्हायवॅक्स, मलेरियाची दुसरी जात) दोन्ही जंतूंचं रक्तातलं चक्र ४८ तासांचं. तांबड्या पेशी फुटतात, त्यातला कचरा रक्तात सांडतो, तो पाहून भक्षक पेशी ताप चढवणारी रसायनं सोडतात, आणि टी पेशींचं इंटरफेरॉन-गॅमा त्यात तेल ओततं. एकाआड एक दिवस येणारा पाळीचा ताप असा घडतो. पीएफमध्ये ही पाळी बहुधा नीट बसत नाही, रोजच ताप राहतो. ‘एक दिवस सोडून आला नाही, म्हणजे मलेरिया नाही’ असं ठरवून बसू नका.

एवढा ताप का चढतो, त्याचा हिशेब सांगतो. एका मायक्रोलिटर रक्तात १०० जंतू म्हणजे काचपट्टीवर तशी किरकोळ गोष्ट. मोठ्या माणसाच्या पाच लिटर रक्तात ते पन्नास कोटी होतात.

६. गोवर एकदा येऊन जातो. मलेरिया पुन्हापुन्हा काहून येते?

गोवराचा विषाणू चेहरा बदलत नाही. पीएफचा जंतू तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन आणून ठेवतो, आणि त्याच्याकडे या प्रथिनाचे साधारण ६० नमुने असतात. एकाविरुद्ध अँटिबॉडी तयार झाली की तो दुसरा अंगरखा घालतो. त्यात पुढच्या वेळी येणाऱ्या जंतूकडचे ६० याच्यापेक्षा वेगळे. दर फेरीला सीडी४ आणि बी पेशींना बरंचसं काम नव्याने करावं लागतं.

त्यातही एक क्रम आहे. जिथे बारा महिने डास चावतात तिथली मुलं जीव घेणाऱ्या मलेरियापासून काही फेऱ्यांतच बऱ्यापैकी वाचायला लागतात. साध्या तापापासून वाचायला वर्षानुवर्षं लागतात. जंतू अंगात शिरूच नये, ही प्रतिकारशक्ती जवळजवळ कोणालाच मिळत नाही. आपल्याकडे मलेरिया हंगामी, गावागणिक कमीजास्त, म्हणून मोठी माणसंही आडवी होतात.

७. माह्या घरी सगळ्यायले तपासलं. माह्या बुढ्याले ताप नाही, अन् त्याचीच आरडीटी पॉझिटिव्ह. मशीन खराब आहे का?

खराब नसावी. (आरडीटी म्हणजे झटपट तपासणीची पट्टी.) दोन शक्यता. महिनाभरात त्यांनी मलेरियाचं औषध घेतलं असेल तर जंतू मेल्यावरही त्याचं प्रथिन काही आठवडे रक्तात राहतं आणि पट्टीवर रेघ उमटते. तसं नसेल तर जंतू खरंच अंगात आहे, शरीराने तो निभावून नेला आहे.

निभावून नेण्यात टी पेशींचा मोठा हात असतो. वारंवार लागण झालेल्यांत काही सीडी४ पेशी एकाच वेळी इंटरफेरॉन-गॅमाही सोडतात आणि आयएल-१० नावाचं आवरणारं रसायनही. एक हात मारतो, दुसरा मारणाऱ्याला आवरतो. ताप कमी होतो, पण जंतू पुरता साफ होत नाही. आजोबा टुणटुणीत, आणि त्यांना चावलेला डास नातवाला चावतो. काचपट्टी करा आणि जंतू निघाला तर ताप नसला तरी पूर्ण औषध द्या.

८. चार वर्षं मिरची तोडायला तेलंगणात जात होतो, आता गावी आलो. पहिले मलेरिया सहन होत असे, आता एका तापात लोळवलं. असं होते का?

होते. मलेरियाची प्रतिकारशक्ती अधूनमधून उजळणी मागते. डास चावत राहिले तर अँटिबॉडी आणि कामावरच्या सीडी४ पेशी टिकतात. ओळखी सुटल्या की आधी अँटिबॉडी उतरते. स्मृती-पेशी काही राहतात, त्यामुळे अगदी नवख्यासारखी गत सहसा होत नाही, पण ‘मले काही होत नाही’ या भरवशावर राहू नये.

९. गुळवेलाचा काढा, पपईच्या पानांचा रस घेतला तर टी पेशी वाढतात का?

मलेरियात टी पेशी कमी पडतात ही समजूतच चुकीची आहे. त्या उशिरा पोचतात (प्रश्न ३), त्यांना दिसत नाही (प्रश्न ४), आणि कधी त्या अति करतात (प्रश्न ११). या तिन्हीवर काढ्याचा उपाय नाही. प्लेटलेट मलेरियात उतरतात, हे खरं. जंतू मेले की त्या आपोआप चढतात. काढ्यापायी गोळ्यांना दोन दिवस उशीर झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या काचपट्ट्याही.

१०. कुपोषित मुलाला मलेरिया जास्त जड का जातो?

अति कुपोषणात थायमस आकसते. टी पेशींची तालीमच जिथे होते, ती जागा. सीडी४ कमजोर, म्हणून अँटिबॉडी कमजोर, आणि रक्त आधीच कमी असताना जंतू उरलेल्या तांबड्या पेशी फोडतो. मेळघाट असो की भामरागड, अशा मुलाच्या तापाला ‘दात येत असतील’ म्हणून सोडू नये. पोषण सुधारलं की थायमस बरीचशी पुन्हा भरते.

११. ‘मलेरिया डोक्यात गेला’ म्हणतात, तेव्हा नेमकं काय होतं?

पीएफने व्यापलेल्या तांबड्या पेशी चिकट होतात. प्रश्न ६ मधल्या प्रथिनाचं हे दुसरं काम : रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून राहायचं, म्हणजे पानथरीतून जायची पाळी येत नाही. मेंदूतल्या बारीक वाहिन्या अशा तुंबल्या की माणूस बरळतो, झटके येतात, शुद्ध जाते. जंतू मेंदूच्या आत शिरत नाही, वाहिन्यांतच असतो.

टी पेशींचा वाटा इथे नकोसा आहे. उंदरांत हे अगदी स्पष्ट दिसतं : मेंदूच्या वाहिन्यांपाशी सीडी८ पेशी गोळा होतात, भिंतीच्या पेशींवर जंतूचे तुकडे टांगलेले दिसतात, आणि त्या भिंतीलाच मारू लागतात. सीडी८ काढून टाकल्या तर उंदीर वाचतात. माणसात इतकं सरळ नाही. तरी मेंदूच्या मलेरियाने गेलेल्या आफ्रिकन मुलांच्या शवविच्छेदनात मेंदूच्या वाहिन्यांत सीडी८ पेशी सापडल्या आहेत.

गावात अशा वेळी पुजाऱ्याला आधी निरोप जातो. जाऊ द्या, पण गाडीलाही त्याच वेळी निरोप द्या. यात तासांचा हिशेब असतो.

१२. टी पेशीच नुकसान करतात तर स्टिरॉइड देऊन त्या शांत का करत नाहीत?

करून पाहिलं. थायलंडमध्ये मेंदूच्या मलेरियाच्या रुग्णांना डेक्सामेथासोन देऊन चाचणी झाली, निष्कर्ष १९८२ मध्ये छापून आले. जीव वाचण्यात फायदा नाही, उलट बेशुद्धी लांबली आणि इतर त्रास वाढले. म्हणून तापात झटपट बरं वाटावं म्हणून कोणी स्टिरॉइडचं इंजेक्शन मारू लागला तर हात मागे घ्या. गंभीर मलेरियाचं औषध शिरेतून दिलेलं आर्टेसुनेट आहे. ते जंतू मारतं, जंतू मेला की टी पेशींचं भांडणही मिटतं.

१३. पीव्ही मलेरियात टी पेशी वेगळ्या वागतात का? आणि तो औषधानंतरही महिन्यांनी परत कसा येतो?

दोन्ही गोष्टी पीव्हीच्या सवयींवरून कळतात. पीव्हीला कोवळ्या तांबड्या पेशी आवडतात, ज्यांना रेटिक्युलोसाइट म्हणतात. त्या कोवळ्या असल्याने त्यांच्या दारावर थोड्या खुंट्या शिल्लक असतात. प्रश्न ४ मधला अपवाद तो हाच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की पीव्हीच्या रुग्णांतल्या सीडी८ पेशी अशा पेशी ओळखतात आणि ग्रॅन्युलायसिन नावाचं प्रथिन सोडून पेशीही मारतात, आतला जंतूही. ‘सीडी८ला रक्तात काही दिसत नाही’ असं मी स्वतः कित्येक वर्षं पोरांना शिकवत होतो. ते पीएफपुरतंच खरं निघालं.

परत येण्याचं कारण यकृतात आहे. पीव्हीचे काही जंतू तिथे निजून राहतात, आठवडे, महिने. निजलेला जंतू फारसं काही बनवत नाही, दाराशी टांगण्यासारखं फार काही नसतं, म्हणून टी पेशी शेजारून निघून जातात. त्याला मारणारं औषध प्रायमाक्विन, पीव्हीत १४ दिवस. तीन दिवसांत ताप उतरतो आणि पुढच्या गोळ्या फडताळात राहतात, मग होळीला तोच ताप पुन्हा. गरोदर बाई, तान्हं मूल आणि जी-६-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं विकर) कमी असलेला माणूस यांना प्रायमाक्विन देत नाहीत. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच दाखवा.

१४. सिकलसेलवाल्यांना मलेरिया होत नाही, खरं का?

अर्धं खरं, आणि विदर्भात हे अर्धसत्य जिवावर बेततं. एएस, म्हणजे वाहक, यांना गंभीर पीएफपासून चांगलं संरक्षण असतं. ते मुख्यतः तांबड्या पेशीतच घडतं : जंतू नीट वाढत नाही, चिकट प्रथिन नीट मांडलं जात नाही. टी पेशींचं श्रेय त्यात कमी. लागण मात्र वाहकालाही होते.

एसएस, म्हणजे आजार असलेला, याची गोष्ट उलटी. त्याची पानथरी हळूहळू निकामी होत जाते, टी पेशींची लढाई तर तिथेच व्हायची. मलेरियाने त्याला क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनांचा झटका, येऊ शकतो, रक्त धोक्याइतकं उतरू शकतं. सिकलसेल तपासणीचं कार्ड असेल तर तापात ते सोबत न्या.

१५. गावातल्या अनुभवी बाईलाही गरोदरपणात मलेरिया एवढा का बाधतो?

गर्भाशयातली वार हे जंतूला मिळालेलं नवं घर. तिथे चिकटायला तो ठेवणीतला एक खास अंगरखा काढतो, जो त्या बाईच्या टी आणि बी पेशींनी आजवर पाहिलेलाच नसतो. म्हणून पहिलटकरणीला धोका सर्वांत जास्त. पुढच्या खेपेला थोडी ओळख झालेली असते. बाळाचं वजन कमी भरतं, आईचं रक्त उतरतं.

१६. मलेरियाची लस पुण्यात बनते म्हणे. मग आमच्या गडचिरोलीले काहून नाही?

बनते, खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दोन लसींची शिफारस केली : ऑक्टोबर २०२१ मध्ये आरटीएस,एस आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आर२१. दुसरी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. दोन्ही पीएफवर आहेत, पीव्हीवर चालत नाहीत, आणि दिल्या जातात त्या मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान मुलांना, जिथे मलेरियाने सर्वाधिक मुलं दगावतात. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात त्या नाहीत.

आणि त्या टी पेशींच्या लसी म्हणाव्यात अशाही नाहीत. सुईच्या आकाराच्या जंतूच्या अंगावरचं एक प्रथिन त्या दाखवतात, सीडी४च्या मदतीने अँटिबॉडी भरपूर बनते, पण यकृतात बसणाऱ्या सीडी८ जवळजवळ बनत नाहीत. अँटिबॉडी उतरली की संरक्षण उतरतं : मोठ्या चाचणीत आरटीएस,एसच्या चार डोसांनी सुमारे चार वर्षांत मलेरियाच्या खेपा ३६ टक्क्यांनी घटल्या.

सीडी८ उभ्या करायच्या तर नुसेनझ्वाइग यांच्या वाटेने, म्हणजे दुबळे केलेले अख्खे जंतू टोचून. तशी लस माणसांवर तपासली गेली आहे. ती शिरेतून द्यावी लागते आणि द्रव नायट्रोजनच्या थंडीत ठेवावी लागते. एका आशाताईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग गुरांच्या दवाखान्यात ठेवा ना सर, कृत्रिम रेतनाच्या नळ्या त्यातच राहतात.’ मी हसलो, पण ती चुकली नव्हती. फक्त पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि नायट्रोजन उडून जायला कोणाची वाट पाहत नाही.